आधी मेन स्विच पाडून बघा

गेल्या वर्षी मेच्या अखेरीला वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते. देवबागच्या एका न्याहारी निवासाच्या मालकीणबाईंचा सकाळी आठलाच फोन आला. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची गाडी अंगणात उघडत नव्हती. रिमोटचं बटण दाबलं तरी ना दिवे लुकलुकत, ना कुलूप हलत. चावीतला सेल बदलून झाला होता. कुडाळहून आलेल्या मेकॅनिकने दाराच्या कुलपात साधी चावी घालून गाडी उघडली आणि रस्त्यावर नेली, तर पन्नास पावलांवर रिमोट पहिल्या दाबाला चालला. परत अंगणात आणली की पुन्हा मुकी. तोवर शेजारच्या आजोबांनी जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवायला सांगितलं होतं आणि तो ठेवूनही झाला होता.

मी मालवण तालुक्यात नेटच्या जोडण्या आणि घरगुती दुरुस्तीची कामं करतो, म्हणून मला बोलावणं आलं. पोचल्यावर मी घराचा मेन स्विच पाडला आणि इन्व्हर्टरही बंद केला. काही फरक पडला नाही. याचा अर्थ, त्रास देणारी वस्तू या घराच्या विजेवर चालत नव्हती. ती सेलवरची तरी होती किंवा शेजारच्या घरातली. मग विचारलं, वायर नसलेलं, सेलवर चालणारं घरात काय काय आहे? मालकीणबाई म्हणाल्या, "बेल होती, पण ती आपसूकच वाजूक लागली म्हणान परवा काढून ठेवलंव." त्यांनी काढून ठेवला होता तो आतला, वाजणारा डबा. गेटपाशी चिऱ्याच्या गडग्यावर चिकटवलेलं बटण तिथेच होतं. ते उघडलं. आत पाणी शिरून तांब्याच्या पट्टीवर हिरवा काट चढला होता, बटण दाबलेल्या स्थितीत अडकलं होतं आणि मोहरीएवढा लाल दिवा जळत होता. मी सेल काढला. पाहुण्यांनी रिमोट दाबला आणि गाडी उघडली.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. बिनतारी बेल, गेटचे रिमोट, टायरमधली हवा मोजणारे सेन्सर यांचीही वस्ती तिथेच. या पट्ट्यात परवान्याशिवाय वापरता येणारी ताकद जेमतेम १० मिलिवॉट. इतक्या बारीक आवाजात दोघं कुजबुजत असताना शेजारी कुणी अखंड ताशा वाजवत बसलं, तर ऐकणाऱ्याला काय ऐकू येणार? बेलचं अडकलेलं बटण दोन दिवस तेच करत होतं.

ही गोष्ट सविस्तर सांगितली, कारण असे त्रास आता आठवड्याला एक-दोन माझ्याकडे येतात आणि बहुतेक ठिकाणी माणसांनी आधी पैसे घालवलेले असतात. कुणी नवा राउटर घेतलेला असतो, कुणी गाडीची नवी चावी मागवलेली असते, कुणी नेटच्या कंपनीशी भांडलेलं असतं. दोष मात्र हवेतल्या व्यत्ययाचा असतो आणि व्यत्ययाचं मूळ अनेकदा स्वतःच्याच घरात असतं.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हे चटकन कळायचं. शेजारी मिक्सर लागला की टीव्हीवर रेघा उमटायच्या, फटफटी दारावरून गेली की चित्र थरथरायचं, रेडिओवर खरखर यायची. व्यत्यय डोळ्यांना दिसत होता, कानांना ऐकू येत होता. आताची यंत्रं अंकांत बोलतात. त्यांच्या कानात गोंगाट शिरला तर ती खरखरत नाहीत; तोच निरोप पुन्हा पुन्हा मागत राहतात आणि आपल्याला फक्त पडद्यावरचं फिरणारं चाक दिसतं. म्हणून आपण चुकीच्या माणसाला दोष देतो. शोधाची सगळी युक्ती एवढीच, की न दिसणारा हा गोंगाट पुन्हा दिसेल किंवा ऐकू येईल असं काहीतरी करायचं.

नेट जातं म्हणजे नक्की काय जातं

मालवणात, कुडाळात आणि आता बऱ्याच गावांत नेट काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून येतं. फायबरमध्ये प्रकाश वाहतो, त्याला रेडिओ लहरींचा त्रास होत नाही. तेव्हा भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर फायबर कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे किंवा खारीने कुरतडली आहे. ते काम कंपनीचं. हा लेख तिथे उपयोगाचा नाही.

दिवा हिरवा असूनही नेट रखडत असेल, तर लॅपटॉपला लॅन केबल लावून थेट राउटरला जोडा. केबलवर वेग व्यवस्थित आणि वायफायवर मात्र खराब, तर दोष शेवटच्या दहा-वीस फुटांच्या हवेत आहे. केबलवरही खराब असेल तर कंपनीला फोन करा आणि केबल लावून पाहिल्याचं सांगा. मग समोरचा माणूसही तुम्हाला राउटर बंद करून चालू करायला लावत वेळ घालवत नाही.

आता हवेतल्या दोषाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. फोनवर वायफायच्या रेघा कमी दिसतात आणि वेगही कमी, तर अडचण अंतराची आणि भिंतीची आहे. आपली घरं चिऱ्याची. नऊ इंची, कुठे त्याहूनही जाड भिंत, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसतो. ओला चिरा लहरी गिळतो. ५ गिगाहर्ट्झच्या तर जास्तच. जानेवारीत पडवीपर्यंत येणारं नेट जुलैत माजघरातच थांबतं ते यामुळे. पत्र्याचं छप्परही लहरी परतवून लावतं. कौलांतून त्या बऱ्याच पार होतात. यावर उपाय राउटर उंच आणि मधल्या खोलीत ठेवण्याचा, किंवा दुसऱ्या टोकाला केबल नेऊन तिथे दुसरा राउटर बसवण्याचा. एक सावधगिरी इथे सांगतो: घर आणि मागची पाहुण्यांची खोली अशा दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल टाकू नका. वळवाच्या विजांमध्ये ती दोन्हीकडचे राउटर जाळते. तिथे फायबरच टाकून घ्या.

रेघा पूर्ण दिसतात आणि तरी नेट चालत नाही, तर तो व्यत्यय. इथून खरा शोध सुरू होतो.

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला आणि सगळ्यांनी तिथे गर्दी केली: ब्लूटूथ, बिनतारी माऊस, बिनतारी कॅमेरे, खेळण्यातले ड्रोन. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न तापवतो. त्याची पेटी लहरी आत कोंडून ठेवते, पण दाराच्या फटीतून थोड्या निसटतातच. माणसाला त्या बाधत नाहीत, पण राउटरच्या मानाने त्या मोठ्या असतात. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनात निम्मा वेळ पेटतो आणि निम्मा वेळ शांत असतो, म्हणून नेट पूर्ण मरत नाही, अडखळत राहतं. पाहुण्यांची जेवणाची वेळ झाली, सोलकढी आणि तळलेला सुरमईचा तुकडा ताटात पडला, मागचं गरम करायला ओव्हन लागला आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघराजवळच्या खोलीतला पाहुणा तक्रार घेऊन आला, असं घडत असेल तर राउटर बदलू नका. त्याची जागा बदला, किंवा पाहुण्यांना ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव द्या.

दुसरा चोर अनेकांना ठाऊक नसतो. संगणकाला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क किंवा वेगवान यूएसबी ३ ची निळ्या तोंडाची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेल कंपनीनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवायला राउटरच्याच पाठीत डिस्क खोचली असेल, तर ती हातभर लांब करून बघा.

पण तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यात खरी अडचण शेजाऱ्यांची आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी जमीन आणि तिच्यावर एकाला एक लागून न्याहारी निवासं. प्रत्येकाचा राउटर, काहींचे दोन-तीन. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना न खेटणारी तीनच: १, ६ आणि ११. कुणी ३ घेतला तर तो १ ला आणि ६ ला, दोघांनाही त्रास देतो. फोनवर वायफाय अ‍ॅनलायझरसारखं फुकट अ‍ॅप टाका, कुठल्या चॅनेलवर किती गर्दी आहे ते बघा. मग शेजारच्या दोन घरांशी बोलून १, ६ आणि ११ आपसात वाटून घ्या. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ साठी रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. ४० ठेवणारा दोन घरांची जागा एकटा अडवतो. देवबागच्या एका गल्लीत चार घरांनी असं ठरवलं, त्याला दोन वर्षं झाली. एकाचीही तक्रार परत आलेली नाही. पैसा एकही लागला नाही.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये आणखी मोकळा झाला आणि तिथे जागा भरपूर आहे. फक्त मधल्या काही चॅनेलवर, ५२ पासून १४४ पर्यंत, रडारचा पहिला हक्क आहे. राउटरला रडारची चाहूल लागली तर नियमाप्रमाणे त्याने ते चॅनेल ताबडतोब सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. नेट मधूनच तुटून मिनिटाभराने आपोआप येत असेल तर हे एक कारण असू शकतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सरळ ३६ ते ४८ मधलं किंवा १४९ च्या पुढचं चॅनेल घ्यावं. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला, तेव्हा जहाजांच्या रडारमुळे वायफाय बंद पडतं का, असं मला अनेकांनी विचारलं होतं. जहाजं वाट बघायला वापरतात ती नेहमीची रडार ३ आणि ९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. वायफायच्या पट्ट्यात ती येत नाहीत. समुद्रात जहाज दिसतं म्हणून त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचा ओव्हन तपासा.

आणखी एक, अगदी साधं. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज बसतं. राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जुना असेल तर तो ते सहन करत नाही आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खाऱ्या, दमट हवेत हे अ‍ॅडॉप्टर लवकर जातात. रोज सांजवेळी नेट जात असेल तर राउटरचे दिवे बघत बसा. ते सगळे विझून पुन्हा लागले तर तो व्यत्यय नाही, अ‍ॅडॉप्टर आहे. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अ‍ॅम्पिअरचा, बीआयएसची खूण असलेला नवा घ्या. ती खूण सुरक्षिततेची असली तरी ती घेणारा निर्माता आतला फिल्टर सहसा वगळत नाही. रस्त्यावरच्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये पहिली काटछाट तिथेच होते.

ट्रान्झिस्टर माळ्यावरून खाली काढा

वेल्समधल्या अबरहोसान नावाच्या छोट्या गावात रोज सकाळी सातला अख्ख्या गावाचं इंटरनेट बसायचं. दीड वर्ष हे चाललं. कंपनीने केबली बदलल्या, उपयोग झाला नाही. शेवटी २०२० मध्ये अभियंते लहरी मोजणारं यंत्र घेऊन गावात फिरले, तेव्हा एका घरातला जुना, वापरलेला घेतलेला टीव्ही सापडला. घरमालक रोज सातला तो लावायचा आणि त्यातून निघणारा झटका तांब्याच्या टेलिफोन तारांमध्ये शिरायचा. त्या माणसाला वाईट वाटलं आणि त्याने तो टीव्ही पुन्हा लावला नाही.

यातून घ्यायचं ते वेळेचं भान. त्रास कधी सुरू होतो, कधी थांबतो, हे आठ दिवस वहीत लिहा. वार आणि घड्याळाची वेळ. पंप सुरू करण्याची वेळ, अंगणातले दिवे लागण्याची वेळ, वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याची वेळ, यातल्या कशाशी तरी ती जुळते. मला वहीने जितके दोष सापडले तितके कुठल्याही यंत्राने सापडले नाहीत.

आणि जुना ट्रान्झिस्टर टाकून देऊ नका. तो मिडियम वेव्हवर लावा. आपल्याकडे ११४३ किलोहर्ट्झवर रत्नागिरी आणि १२८७ वर पणजी लागते. त्यांच्यामध्ये जिथे काहीच लागत नाही अशी मोकळी जागा धरा आणि आवाज वाढवा. शांत घरात फक्त मंद सुरसुर ऐकू येईल. आता तो हातात धरून घरभर फिरा. स्वस्त एलईडी दिव्यापाशी घर्र होईल, फोनच्या हलक्या चार्जरपाशी शिट्टीसारखा बारीक सूर निघेल, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरपाशी तर ट्रान्झिस्टर ओरडेल. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत वीज दिवसेंदिवस नव्हती. त्यानंतर घाईने घेतलेले बरेच इन्व्हर्टर याच जातीचे आहेत. ट्रान्झिस्टर फिरवत फिरवत जवळ गेल्यावर आवाज कमी-जास्त होतो, आडवा धरला की एका दिशेला तो मावळतो. त्यावरून वस्तू कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. माझ्या पिशवीत मीटरआधी ट्रान्झिस्टर असतो.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. दिवे आणि चार्जर यांचा गोंगाट बहुतेक करून खालच्या पट्ट्यांत राहतो. तो रेडिओ बिघडवतो, तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड बिघडवतो, कधी गाडीच्या रिमोटपर्यंतही पोचतो, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झपर्यंत तो क्वचितच चढतो. तेव्हा ट्रान्झिस्टर खरखरला म्हणून वायफायचा गुन्हेगार सापडला असं समजू नका. पण जी वस्तू इतकी खरखरते तिचा दर्जा कसा आहे हे त्यातून कळतं, आणि ती बदललेलीच बरी.

सगळ्यात मोठा आवाज मात्र घराबाहेर असतो. उन्हाळाभर समुद्रावरून येणारं मीठ विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बसतं. पहिला भुरभुर पाऊस किंवा पहाटेचं दव त्याला ओलं करतं आणि त्या थरावरून बारीक ठिणग्या पळू लागतात. रात्री खांबाखाली उभं राहिलं तर सींऽऽ असा आवाज कानाने ऐकू येतो, कधी निळसर उजेडही दिसतो. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्र. रेडिओच्या इतिहासात पहिले निरोप अशाच ठिणग्यांनी गेले. जोराचा पाऊस पडला की मीठ धुऊन जातं आणि आवाज थांबतो. न थांबला तर ट्रान्झिस्टर घेऊन रस्त्याने चाला, कुठल्या खांबाखाली खरखर सर्वांत मोठी आहे ते बघा, खांबावरचा क्रमांक टिपा आणि वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. खांबाला हात लावू नका, काठीने ठोकून बघू नका. इन्सुलेटरला तडा गेला असेल तर हा आवाज नुसत्या व्यत्ययाचा नसतो, तो धोक्याचा असतो.

गाडी मुकी झाली तर

उन्हात, पाहुण्यांसमोर, पोरं मागे रडत असताना हे होतं, म्हणून क्रम लक्षात ठेवा. चावी गाडीच्या अगदी जवळ, काचेला टेकवून दाबा. अंतर कमी झालं की कुजबुज ऐकू जाते. नाही चाललं तर रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी चावी काढा. बहुतेक रिमोटला बाजूला छोटी कळ असते. काही गाड्यांत दाराच्या मुठीवरचं झाकण काढल्यावर कुलपाचं भोक दिसतं. आत बसल्यावर, बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर रिमोटच बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा. काही गाड्यांत ही जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. चावीतली एक छोटी चकती सेलशिवाय चालते, गाडीच जवळून तिला ऊर्जा देते, म्हणून रिमोटचा सेल मेला असला तरी गाडी सुरू होते. हे घरी, निवांत वेळी एकदा करून बघा. पहिल्यांदा करायची वेळ भर रस्त्यात येऊ नये.

मग गाडी पन्नास पावलं पुढे न्या आणि पुन्हा बघा. तिथे चालली तर दोष जागेचा, चावीचा नाही. नवी चावी मागवू नका. ती हजारोंच्या घरात जाते आणि त्याच अंगणात ती पण चालणार नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेडमध्ये २०१९ साली एका मोहल्ल्यातल्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजची दारं अशीच आठवडेच्या आठवडे बंद पडली होती. तिथले रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. शोधता शोधता एका घरात हौसेने बनवलेलं छोटं यंत्र सापडलं, घरात कुणी वर आलं की सूचना देणारं. ते अखंड त्याच लहरीवर बोलत होतं आणि बनवणाऱ्याला याची कल्पनाही नव्हती. देवबागच्या बेलसारखंच.

गाडीच्या आतले गुन्हेगार वेगळे. सिगारेटच्या खाचेत बसवलेला स्वस्त फोन चार्जर आधी काढा. एफएमवर खरखर येत असेल तर दहापैकी सात वेळा मला तोच सापडतो. काचेला लावलेला हलका डॅशकॅम जीपीएसला आंधळा करतो, कारण उपग्रहाची हाक पृथ्वीवर पोचेपर्यंत फारच क्षीण झालेली असते. कॅमेऱ्याची वायर फोनपासून आणि काचेवरच्या अँटेनापासून लांब न्या. वायरवर फेराइटची कडी बसवा. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर जो काळा गोळा असतो तोच. उघडझाप होणारा सुटा मिळतो, स्वस्त असतो, आणि वायर त्यातून दोन-तीन वेळा फिरवली तर जास्त काम करतो. नंतर बसवून घेतलेले एलईडी हेडलाइट लावल्यावर रेडिओ बिघडला किंवा रिमोट जवळूनच चालू लागला, तर दिव्यांचा ड्रायव्हर तपासून घ्या.

दुचाकी आणि रिक्षावाल्यांसाठी एकच गोष्ट. स्पार्क प्लग बदलताना त्याच्या क्रमांकात इंग्रजी आर हे अक्षर होतं का ते बघा. एनजीकेच्या प्लगमध्ये आर म्हणजे आत साधारण ५ किलोओहमचा रोध आहे, ठिणगीचा गोंगाट दाबणारा. स्वस्तातला बिनरोधाचा प्लग घातला की गाडी चालते, पण डिजिटल मीटर उड्या मारतो आणि इंजिनाचा संगणक गोंधळतो. कंपनीने सांगितलेला क्रमांकच घ्या.

न करण्याच्या गोष्टी

दरीतल्या गावांत मोबाईलची रेंज नाही म्हणून लोक ऑनलाइन बूस्टर मागवतात. परवान्याशिवाय तो ठेवणं बेकायदा आहे. एका घरात रेंज येते आणि टॉवरच्या कानात गोंगाट शिरल्याने आजूबाजूच्या वाडीची जाते. त्यात कुणाचा तरी रुग्णवाहिकेचा फोन असतो. घरी फायबर असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा, तेवढ्याने काम भागतं. जॅमर तर खासगी माणसाने वापरायचाच नाही, मग कारण कितीही चांगलं वाटो.

आणि एक कडू सत्य. वायफाय आणि रिमोटचे पट्टे परवान्याविना मिळालेत ते एका अटीवर: तुम्ही कुणाला व्यत्यय आणायचा नाही आणि तुम्हाला व्यत्यय आला तर संरक्षण मागायचं नाही. शेजारच्या राउटरविरुद्ध सरकारदरबारी तक्रार टिकत नाही. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग संघटना १९५२ पासून आहे, दिशा शोधणारी वाहनं तिच्याकडे आहेत, पण तिचं काम परवानाधारक सेवांचं, म्हणजे विमानं, जहाजं, पोलीस, प्रसारण यांचं रक्षण करण्याचं. तुमच्या गल्लीतल्या चॅनेलचा निवाडा तुम्हालाच, शेजाऱ्याच्या पडवीत बसून करायचा आहे.

शेवटचा भाग मच्छीमार बांधवांसाठी, कारण घरात व्यत्यय आला तर सिनेमा अडकतो, दर्यात आला तर माणूस अडकतो. केंद्राने २०१७ मध्ये एलईडीच्या झोतावरच्या मासेमारीवर बंदी घातली, तो विषय वेगळा आणि आपल्या रापणकरांनी त्यासाठी काय सोसलं ते मालवणला माहीत आहे. मी बोलतोय ते होडीवरच्या साध्या एलईडी दिव्यांबद्दल, जे आता प्रत्येक होडीवर आहेत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये इशारा काढला की असे दिवे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजाची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा बधिर करू शकतात. संकटाच्या वेळी हाक मारायचं चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, याच पट्ट्यात आहे. यात घातक हे, की तुमचा रेडिओ चालू दिसतो, पण लांबच्या होडीची हाक त्याला ऐकूच येत नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. होडीवरचे सगळे दिवे बंद करा. व्हीएचएफवर शांत चॅनेल लावा, स्क्वेल्चचं बटण खरखर ऐकू येईपर्यंत उघडा आणि मग ती जेमतेम थांबेल इतकंच परत फिरवा. आता एकेक दिवा लावा. ज्या दिव्याला रेडिओ पुन्हा खरखरू लागेल तो दिवा बदला, किंवा निदान अँटेनापासून लांब बसवा आणि त्याची वायर अँटेनाच्या केबलबरोबर बांधू नका. हे काम १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, होडी वर काढलेली असताना करा. ऑगस्टच्या पहिल्या फेरीला निघण्याआधी रेडिओ शांत असला पाहिजे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक तांडेलाच्या फोनमध्ये असला पाहिजे.